लग्नाआधी एकमेकांचे कोण

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये भाड्याने घर शोधत होतो. घरमालकांचे प्रश्न एव्हाना मला पाठ झाले होते: नोकरी कुठे, माणसं किती, पाहुणे फार येतात का, भिंतीला खिळे ठोकता का. इथले घरमालक म्हणजे सर. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. आम्हा नवरा-बायकोला त्यांनी फाटकातच उभं केलं, आळीपाळीने दोघांचे चेहरे न्याहाळले आणि म्हणाले, "लग्नाआधी तुम्ही एकमेकांचे कोण होतात?"

बायकोला वाटलं, आमचा प्रेमविवाह आहे की काय याची चौकशी चालली आहे. ती जरा तोऱ्यातच म्हणाली, "कोणीच नव्हतो. स्थळ सांगून आलं होतं."

"तुमचं माहेर?"

"जळगाव."

"आणि यांचं गाव?"

"निफाड."

"म्हणजे मधे दोनशे किलोमीटर," सर खूश होऊन म्हणाले. "उत्तम. वरच्या दोन खोल्या तुमच्या."

रस्त्याने ते अंतर दोनशेच्या वर भरतं, हे मी त्यांना सांगितलं. चुकीचा आकडा ऐकला की मला गप्प बसवत नाही. सरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "जितकं जास्त तितकं चांगलं," म्हणाले. भाडं ठरवायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. ते नंतर सरांच्या बायकोने, काकूंनी, ठरवलं. त्या घरात व्यवहाराचं सगळं काकूंकडे असे आणि सरांकडे मानवजातीचं.

सर शहरातल्या एका कॉलेजातून जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. उंच, किंचित वाकलेले, अंगात कायम पांढरा बुशशर्ट. निवृत्त झाले तरी त्यांच्या खिशातले खडू निवृत्त झाले नव्हते. दिसेल त्या सपाट जागेवर ते माणसांची वंशावळ काढत. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, मधली आडवी रेघ म्हणजे लग्न. नवरा-बायको मुळातच नात्यातले असतील तर रेघ दुहेरी. आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात माझे आजोबा-पणजोबा त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसले. दूध घालायला येणारा माणूस मला म्हणाला, "साहेब, तुमचं बांधकाम कुठपर्यंत आलं?" सर वंशावळीत सरळ वर चढत. बाजूच्या फांद्यांवर मात्र सहसा जात नसत. भिंतीची उंची बरी होती, लांबी कमी होती.

मी ओझरच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. धातूच्या सुट्या भागांचे क्ष-किरणांनी फोटो काढायचे आणि आत कुठे भेग आहे का ते पाहायचं, हे माझं काम. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला छातीला लावूनच आम्ही आत जातो. हे कळलं तेव्हा सरांना कोण आनंद झाला. "म्हणजे आपला धंदा एकच," म्हणाले. "तुम्ही लोखंडातल्या भेगा शोधता, मी माणसातल्या."

"लोखंड नसतं सर. मिश्रधातू असतो."

"माणूससुद्धा."

सरांनी डॉक्टरेट केली होती कांद्यावर. कांद्याच्या कोवळ्या मुळ्यांवर किरणं सोडायची आणि आतल्या पेशींचं काय होतं ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. नाशिक जिल्ह्यात कांद्यावर बोलायला कोणालाच डॉक्टरेट लागत नाही, त्यामुळे या पदवीची म्हणावी तशी कदर झाली नाही. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिडकीत पाण्याचे पेले ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येक पेल्यावर एक कांदा मुळ्या सोडून बसलेला असे. पाहुणे आले की काकूंना आधी कांदे उठवावे लागत, मग पाणी देता येई.

एकदा मी त्यांना लासलगावच्या बाजारात घेऊन गेलो होतो. लिलाव चालू होता, ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या. सरांनी एका व्यापाऱ्याला गाठलं. "इथे भाव विचारणारे हजारो आहेत," म्हणाले. "पण कांद्याच्या एका पेशीत गुणसूत्रं किती, हे तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"नाय बा," व्यापारी म्हणाला.

"सोळा."

"एका किलोला?"

सरांनी समजावून सांगितलं. किरणं दिली की ही सोळाच्या सोळा कशी तुटतात, शहाणी पेशी ती कशी जोडते, जोडता आली नाहीत तर स्वतःहून कशी मरते. व्यापाऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. "सर, आमचा माल पावसानं सडतो, नायतर दिल्लीच्या हुकमानं," तो म्हणाला. "स्वतःहून मरायला त्याला येळ कुठं भेटतो?"

ही स्वतःहून मरण्याची गोष्ट सरांच्या सगळ्या विचारांचा कणा होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हात पुढे करायला सांगत. "ही पाच बोटं सुटी कशी झाली? आईच्या पोटात तुमचा हात म्हणजे बदकाचा पाय होता. मधल्या पेशी वेळेवर मेल्या म्हणून तुम्हाला आज भाकरी मोडता येते." पाहुणे आपल्या हाताकडे बघत राहत. सर पुढे सांगत, "पेशी बिघडली की तिच्यापुढे दोन वाटा. दुरुस्त व्हायचं, नाहीतर नीट मरायचं. नीट म्हणजे कसं? आरडाओरडा नाही, सूज नाही. आपलं सामान आपणच बांधायचं, त्याची लहान लहान गाठोडी करायची. शेजारच्या पेशी ती उचलून नेतात. कोणाला कळतसुद्धा नाही."

हे सगळं शास्त्राला धरून आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण सर ते तिथेच ठेवत नसत. कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष गेली कित्येक वर्षं एकच होते. त्यांचा सत्कार ठरला आणि दोन शब्द बोलायला सरांना बोलावलं. सरांनी पेशीचं मरण सविस्तर समजावलं, गाठोड्यांपर्यंत आले आणि म्हणाले, "जी पेशी जायची वेळ झाली तरी जात नाही, नुसती वाढत राहते, तिला काय म्हणतात ते मी इथे बोलत नाही. आज सत्कार आहे."

अध्यक्ष मुरलेले होते. शाल सावरत त्यांनी विचारलं, "सर, वाचनालयाचं चिटणीसपद तुमच्याकडे कधीपासून आहे?"

सर जराही गडबडले नाहीत. "मी मूळपेशी आहे," म्हणाले. "मूळपेशी जात नसतात. त्यांच्यातून बाकीच्या येतात."

वाचनालयात त्यांच्यातून बाकीचं कोणी आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

लग्नसमारंभात सरांना न्यायचं की नाही, यावर कॉलनीत दोन मतं होती. न्यायचं नाही, हे एक मत काकूंचं, आणि दुसरंही तेच, पण बाकी सगळ्यांचं. तरी निमंत्रण येई आणि सर जात. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या बापाला हलकेच विचारत, "मुलाची आई तुमची कोण?" सख्खी बहीण, असं उत्तर आलं की माझ्या कानाशी येऊन म्हणत, "दोन रेघा." मग अक्षता टाकत. नवऱ्या मुलाच्या आईने एकदा ते ऐकलं. "सर, आशीर्वाद द्यायचा असला तर द्या, नाहीतर पंगत तिकडे आहे," ती म्हणाली. सर पंगतीला गेले. नात्यातल्या लग्नात जेवण नेहमी चांगलं असतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. रुसवेफुगवे नसल्यामुळे आचाऱ्याकडे नीट लक्ष देता येतं.

परतताना मी त्यांना म्हणालो, "सर, मामाच्या मुलीशी लग्न केलेली जोडपी आपल्याकडे घरोघर आहेत. बहुतेकांची मुलं ठणठणीत असतात."

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "म्हणून तर कोणाला पटत नाही."

खरी पंचाईत होती ती त्यांच्या किरणांच्या भीतीची. कोणी क्ष-किरण फोटो काढायला निघालं की सर आडवे येत. जगात काही घराणी अशी असतात की त्यांच्यातल्या एखाद्या मुलाला किरणं सोसतच नाहीत, आपल्याला चालतं ते त्याला मारून टाकतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून फोटोच्या आधी वंशावळ. मुंबई नाक्यावर स्कूटरवरून पडून माझं मनगट मोडलं, तेव्हा सर दवाखान्यात माझ्या आधी पोहोचले होते. मी कळवळत बाकावर बसलो होतो आणि सर फोटो काढणाऱ्या मुलीला विचारत होते, "यांच्या घरात लहानपणी झोकांड्या खात चालणारं कोणी होतं का, ते आधी विचारलंत?"

"काका, यांचा हात मोडलाय," ती म्हणाली. "पाय ठीक आहेत."

प्लास्टर घालून घरी आल्यावर मी सरांशी सरळ भांडलो. "अशा एका फोटोत जितकी किरणं अंगावर पडतात," मी सांगितलं, "तितकी एका दिवसाच्या आत जमिनीतून आणि आभाळातून आपोआपच पडतात. मी रोज मोजतो. मर्यादा ठरलेल्या आहेत. त्यांच्या आत राहिलं तर काही होत नाही."

"कोणाला?"

"कोणालाच. सगळ्यांना लागू आहे."

"सगळे म्हणजे कोण?" सर म्हणाले. "मला सगळ्यांची ओळख करून द्या."

अशा माणसाशी काय बोलायचं. सरांनी माझ्या मनगटापायी, बायकोच्या दाढेपायी आणि दूधवाल्याच्या खोकल्यापायी तोच गोंधळ घातला होता. आम्ही तिघंही फोटो काढून धडधाकट होतो. त्यांचा इशारा दर वेळी खरा ठरला असता तर आमची गल्ली केव्हाच ओस पडली असती.

या पार्श्वभूमीवर माझी भाची जुई आमच्याकडे राहायला आली.

माझी धाकटी बहीण वैशाली मनमाडला दिलेली. तिचे यजमान रेल्वेत आहेत. जुई दहा वर्षांची, एकुलती एक. चालायला लागली तेव्हापासून पोरगी झोकांड्या खात चाले, पाय फाकवून, कशाचा तरी आधार धरून. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, असं कोणीतरी सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. बोलणं जड, सर्दी-खोकला कायमचा, डोळे सदा लाल. डोळे मोबाईलमुळे लाल होतात, असं तिच्या आजीचं ठाम मत होतं. त्या वर्षी तिच्या मानेत गाठ आली. लसिका ग्रंथींचा कर्करोग निघाला. नाशिकला एका रुग्णालयात औषधं सुरू झाली. त्यांनी गाठ कमी झाली, पण तोंड असं सोलून निघालं की पाणी गिळता येईना. आता छातीत आणि मानेत उरलेल्या गाठीला किरणं द्यायची ठरली होती. सोमवारी सुरुवात. शनिवारी संध्याकाळी सगळे आमच्याकडे आले: वैशू, दाजी, जुई आणि जुईची आजी.

रविवारी सकाळी सर जिन्याखाली कांद्यांचं पाणी बदलत होते. जुई कठडा धरून खाली येत होती. सरांनी हातातला पेला खाली ठेवला.

"तुझं नाव काय?"

"जु-ई."

"जुई, मान न हलवता या खडूकडे बघ." त्यांनी खडू एका बाजूला नेला. जुईची मान आधी वळली, डोळे मागाहून आले. सरांनी खडू दुसऱ्या बाजूला नेला. पुन्हा तसंच. मग त्यांनी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. पांढऱ्या भागावर कोपऱ्यांतून बारीक लाल शिरा पसरल्या होत्या. सर पायरीवर बसले. वंशावळ काढली नाही, बोटं दाखवायला सांगितलं नाही.

थोड्या वेळाने ते वर आले. "उद्या किरणं देऊ नका," म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. दाजी शांत माणूस. "सर, डॉक्टर मॅडम मोठ्या आहेत," ते म्हणाले. "उशीर झाला तर गाठ परत वाढेल, असं त्यांनीच सांगितलंय."

"बरोबर सांगितलंय. पण मला जे वाटतंय तो आजार हिला असेल, तर ही किरणं हिला सोसणार नाहीत. गाठीच्या आधी पोरगी जाईल."

"हे तुम्ही माझ्या मनगटालाही म्हणाला होतात," मी म्हणालो.

"म्हणालो होतो," सर म्हणाले. "तुमच्या मनगटाची मान आधी वळत नव्हती."

मी वैशूकडे पाहिलं. तिच्या हातात जुईसाठी फोडून ठेवलेलं डाळिंब होतं आणि ती दाणे काढायची थांबली होती. एका बाजूला सरांची ख्याती आणि दुसऱ्या बाजूला एक दिवसाचा उशीर. सर चुकले तर कर्करोगाला फुकट सवलत. सर बरोबर असले तर उद्या आम्ही स्वतः पोरीला नेऊन त्या यंत्राखाली झोपवणार. माझ्या कारखान्यातली एकही मर्यादा यात कामाची नव्हती.

सरांनी दाजींना विचारलं, "तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

"नाही. मॅडमनीही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. जवळच्या नात्यात झालंय का म्हणून. मी सांगितलं, नाही."

सर हिरमुसले. जायला उठले. दारापर्यंत गेले, तेवढ्यात स्वयंपाकघरातून जुईच्या आजीने मला हाक मारली, "अरे, माझ्या चहात साखर नको म्हणून सांग तुझ्या बायकोला."

"सांगतो, आत्या," मी म्हणालो.

सर वळले. "ह्या तुमच्या कोण?"

"आत्या. वडिलांची सख्खी बहीण."

"आणि ताईंच्या?"

"सासूबाई. म्हणजे आत्याच. पण आता सासूबाई."

सरांनी दाजींकडे पाहिलं. "तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच," दाजी म्हणाले. त्यांना खरोखर कळेना. "नात्यात म्हणजे भावकीत, चुलत्याबिलत्यात. आमच्यात तसं चालत नाही. ही मामाची मुलगी. आडनाव वेगळं, कूळ वेगळं, देवक वेगळं. सगळं पाहूनच केलंय."

दाजी खोटं बोलत नव्हते. खरं सांगायचं तर मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. बहिणीने भावाची मुलगी सून म्हणून मागायची आणि भावाने ती द्यायची, याला आमच्याकडे नात्यात लग्न म्हणतच नाहीत. रीत म्हणतात. जुईच्या जन्मापासून जितक्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, तितक्यांना आमच्या घराने एकमुखाने आणि प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर दिलं होतं.

सोमवारी सकाळी सर आमच्याबरोबर आले. गाडीत ते ओठ हलवत होते, भाषणाची तयारी चालली होती. मी विनवलं, "सर, कांदा नको."

"कांद्याशिवाय समजणार कसं?"

"त्या डॉक्टर आहेत. समजेल."

डॉक्टर मॅडमसमोर बसताच सरांनी कांद्यापासूनच सुरुवात केली. मुळी, किरणं, सोळा गुणसूत्रं. मग बदकाचा पाय. मॅडम आधी सभ्यपणे ऐकत होत्या, मग घड्याळाकडे बघत होत्या, मग बाहेरच्या रांगेकडे. सर गाठोड्यांपर्यंत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तुमची काळजी मला समजते. पण या मुलीची वेळ ठरलेली आहे."

दाजी मधेच म्हणाले, "मॅडम, ही माझ्या मामाची मुलगी."

"कोण?"

"ही. वैशाली. लग्नाआधीपासूनच मामाची मुलगी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"तुम्ही नात्यात का, असं विचारलं होतं," दाजी अवघडून म्हणाले.

टॉर्च घेऊन मॅडमनी जुईचे डोळे पाहिले. मान न हलवता टॉर्चकडे बघायला सांगितलं. तिला सरळ रेषेत चालवून पाहिलं. मग बाहेर सांगून आल्या की आजची वेळ दुसऱ्या पेशंटला द्या. सर उत्साहाने म्हणाले, "रक्तात अल्फा फीटोप्रोटीन बघा. या आजारात ते वाढलेलं असतं."

"तेच लिहितेय, काका," मॅडम म्हणाल्या. "बसा तुम्ही आता."

गाडीत सर म्हणाले, "पाहिलंत? पटलं त्यांना." आपल्या कांद्याने काम केलं, असाच त्यांचा समज होता आणि आजही आहे. दाजींनी तो दुरुस्त केला नाही. मी करायला गेलो, तर वैशूने मागून माझ्या खांद्याला बोट लावलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. आकडा जिथे असायला हवा त्याच्या कितीतरी पट वर होता. मेंदूच्या डॉक्टरांनीही तपासून, सरांना वाटला होता तोच आजार आहे, असं सांगितलं. जनुकांचा तपास पुण्याहून यायला बरेच दिवस लागणार होते, पण मॅडम त्यासाठी थांबल्या नाहीत. किरणं रद्द. औषधंही मोजूनमापून, कमी मात्रेत द्यायची. गाठ आटोक्यात येईल, अशी आशा धरायला हरकत नाही, म्हणाल्या. चालणं मात्र सुधारणार नाही, ते हळूहळू आणखी बिघडेल, हेही त्यांनी लपवलं नाही.

त्या संध्याकाळी सरांनी आमच्या बैठकीच्या खोलीत, फरशीवर, खडूने सगळं समजावलं. प्रत्येक पेशीत एक पहारेकरी असतो. किरणांनी आतले धागे तुटले की तो आरडाओरड करतो: काम थांबवा, जोडा, जोडता येत नसेल तर नीट मरा. हा पहारेकरी तयार करायची कृती आई आणि बाप दोघांकडून एक-एक मिळते. एक चांगली असली तरी भागतं. जुईला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या. पहारेकरीच नाही. तिची पेशी तुटक्या धाग्यांनिशी काम रेटत राहते, वाढत राहते. शेवटी एक तर ती भलतीच माजते, नाहीतर शेजाऱ्यांना घेऊन कोसळते.

आत्या पदर ओढून ऐकत होती. बाकीचं फार डोक्यात शिरलं नाही, पण तिला हवं ते बरोबर शिरलं. "म्हणजे हे हिच्या माहेराकडून आलं," ती वैशूकडे न बघता म्हणाली. "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं."

वैशूने मान खाली घातली. सर खडूवर फुंकर मारत होते. "आजी," ते म्हणाले, "यांचं माहेर कोणतं?"

"निफाड."

"आणि तुमचं?"

आत्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू निफाड मीच मधे आणून ठेवलंय. सर अगदी मायेने म्हणाले, "बिघडलेली ती कृती तुमच्या आईची असेल किंवा वडिलांची. एक तुमच्या भावाकडे गेली, एक तुमच्याकडे राहिली. भाऊ-बहिणींनी एकेक सांभाळली आणि नातीत आणून एकत्र केली. कोणाची चूक नाही. तुम्हालाच ती सून पाहिजे होती ना?"

"माझ्या भावाची मुलगी," आत्या म्हणाली. "दुसरीकडून कशाला आणायची?" आणि तिथेच बसून रडू लागली. वैशू उठून तिच्याजवळ गेली. सरांनी फरशीवरचे चौकोन आणि गोल आपल्या रुमालाने पुसून टाकले. ते पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरचे माझे पणजोबा अजून तसेच होते.

मनमाडला परत जायच्या सकाळी वैशूने जुईला आंघोळ घालायला घेतलं. किरणांसाठी जागा आखून ठेवताना तिच्या मानेवर आणि छातीवर जांभळ्या शाईच्या फुल्या काढल्या होत्या. त्यांना पाणी लागू द्यायचं नाही, अशी ताकीद होती, म्हणून इतके दिवस पोरीचं अंग नुसतं पुसून घेत होते. आता ताकीद संपली होती. सर निरोप द्यायला वर आले होते आणि आमच्या दाराशी, बुशशर्टाच्या खिशात हात घालून उभे होते.

न्हाणीघरातून जुईचा आवाज आला, "स-र, जात नाहीये."

"जास्त घासू नकोस," सर बाहेरून म्हणाले. "आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल."

"कुठे जाईल?"

"कातडीच्या वरच्या पेशी रोज मरतात आणि गळून पडतात. त्यांच्याबरोबर शाईही जाते."

आतलं पाणी थांबलं. वैशू दार किलकिलं करून बाहेर आली. कोपरापर्यंत फेस, पदर खोचलेला. हळू आवाजात तिने विचारलं, "सर, हिच्या पेशींना मरायचं कळत नाही, म्हणाला होतात ना? मग हिचं जाईल?"

सरांनी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, आता गाठोडी. पण ते थांबले.

"जाईल, ताई," ते म्हणाले. "कातडीचं वेगळं असतं. ते हिला येतं. सगळ्यांसारखंच."

"रोज मरतात हिच्या?"

"रोज मरतात."

वैशूने डोळे पुसले, त्यामुळे सगळा फेस गालाला लागला. मग ती आत गेली आणि जुईला म्हणाली, "ऐकलंस ना? घासायचं नाही. नुसतं पाणी घ्यायचं." आणि तिने तांब्या भरून पोरीच्या अंगावर ओतला.